मुनीरभाई आणि एक पायरी

मुनीरभाई माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पहिल्या दिवशी आले, तेव्हा मुलींना वाटलं, कुणाचे तरी वडील पोरीला न्यायला आलेत. ते मात्र चप्पल बाहेर काढून आत आले आणि पहिल्या रांगेत बसले. वय पन्नाशीच्या पुढं. पांढरा सदरा, खिशात छोटी डायरी, तिच्यात अडकवलेली पेन्सिल. मी त्या दिवशी मशीनचा डबा उघडून आतले भाग दाखवत होते. हा प्रोसेसर, सगळं गणित हाच करतो, वगैरे. मुनीरभाईंनी हात वर केला.

"ताई, हा किती गरम होते?"

मागच्या मुली हसल्या. मला उत्तर येत नव्हतं. तो धडा मी कितीदा तरी शिकवला होता, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि मलाही कधी पडला नव्हता. मी म्हटलं, "होतो थोडा. म्हणून तर वर पंखा आहे."

"थोडा म्हंजे किती?"

"उद्या सांगते."

"सांगा. मी लिहून ठेवतो," ते म्हणाले आणि डायरीत तारखेपुढं जागा सोडून बसले.

आमची ओळख तशी जुनी. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एक सूतगिरणी होती. मी तिच्या ऑफिसात टायपिंग करायची आणि ते गिरणीच्या हवेचा प्लँट सांभाळायचे. सूत काढायचं तर आतली हवा ठरावीक थंड आणि ठरावीक ओलसर लागते. ती कोरडी पडली की धागा तुटतो. बाहेर मे महिन्याचं ऊन शेहेचाळीसवर गेलेलं असताना आत ओलावा टिकवायचा, असं ते काम. गिरणीभर जोडीजोडीनं थर्मामीटर टांगलेली असत, एक कोरडं आणि एकाच्या तळाशी ओली चिंधी बांधलेली. दोन्हींतल्या फरकावरून हवेतला ओलावा कळतो. मुनीरभाई दर तासाला प्रत्येक जोडीपुढं उभे राहून दोन्ही आकडे लिहीत. मोटर तापली का बघायची तर ते तळहात लावत नसत, हाताची मागची बाजू लावत. "तळव्याले करंट लागला तं मूठ आवळते, मंग सुटत नाही," असं त्यांनी मला एकदा समजावलं होतं. मोटरीला हात लावायची पाळी माझ्यावर कधी येणार नव्हती, तरी समजावलं.

एका उन्हाळ्यात मॅनेजरसाहेबांनी मशीनची गती वाढवायला सांगितली. बाहेरगावची ऑर्डर होती. मुनीरभाई ऑफिसात आले आणि म्हणाले, एवढ्या गतीला माझा प्लँट हवा पुरवू शकत नाही, धागे तुटतील. साहेब म्हणाले, लिहून द्या. त्यांनी माझ्याकडून चिठ्ठी टाइप करून घेतली, खाली सही केली आणि दिली. गती वाढली. तिसऱ्या दिवशी तुटलेले धागे रोलरला गुंडाळायला लागले आणि चालू मशीनवरचा गुंता काढताना विठ्ठल नावाच्या कामगाराची दोन बोटं गेली. चौकशी झाली तेव्हा त्या चिठ्ठीमुळं मुनीरभाईंवर काही आलं नाही. विठ्ठलला भेटायला ते रोज दवाखान्यात जात. मी एकदा म्हटलं, "तुम्ही तर आधीच सांगितलं होतं."

"सांगतलं नाही ताई, लिहून देल्लं," ते म्हणाले. "प्लँटचं स्विच माह्या हाताखाली होतं. मी बंद नाही केलं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत गिरणी बंद पडली. ती वर्षंच तशी होती. कापूस पिकवणाऱ्याला परवडत नव्हता आणि कातणाऱ्यालाही परवडत नव्हता. खरेदी केंद्रापुढं कापसाच्या बैलगाड्या आठ-आठ दिवस उभ्या राहत. पेपरात आत्महत्येच्या बातमीत रोज आपल्याच जिल्ह्यातल्या कुठल्या तरी गावाचं नाव यायचं आणि लोक ते पान उलटून पुढं जायला शिकले होते. गिरणीच्या फाटकाला कुलूप लागलं. मी एक खोली भाड्यानं घेऊन क्लास सुरू केला. मुनीरभाई उन्हाळ्यात घरापुढं कूलर बनवायचे आणि बाकीचे महिने आर्णीला भावाच्या गॅरेजमध्ये जाऊन यायचे.

क्लासला ते आले ते नाझनीनसाठी. नाझनीन त्यांची एकुलती एक मुलगी, बारावी झालेली. आई लहानपणीच गेली होती. ती चित्रं काढायची, आणि कुठून तरी मिळालेल्या एका सीडीवरून कॉम्प्युटरवर हलती चित्रं करायला तिला शिकायचं होतं. तिच्यासाठी मुनीरभाईंनी भंगारवाल्याकडून एक मशीन आणलं होतं, ते गिरणीच्या ऑफिसातलंच, मी ज्यावर टायपिंग केलं तेच. ते तिला वापरू द्यायच्या आधी त्यांना स्वतः शिकून घ्यायचं होतं. "पोरीच्या हातात द्याचं अन् आत काय हाये ते आपल्यालेच माहीत नाही, हे बरं नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी प्रोसेसरचं तापमान दाखवणारा एक प्रोग्राम शोधून आणला. आकडा सांगितला, त्यांनी सोडलेल्या जागेत लिहिला. मग दोन महिने ते एकही दिवस न चुकवता आले.

एके दिवशी म्हणाले, "ताई, याले पळवता येते म्हणे."

नाझनीननं सायबर कॅफेत इंटरनेटवरची इंग्रजी पानं वाचून त्यांना सांगितलं होतं. प्रोसेसर कारखान्यातून ठरावीक वेगाचा म्हणून येतो, पण मशीनच्या मुख्य बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन एक आकडा वाढवला तर तो त्याहून जास्त वेगानं चालू शकतो. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढला की उष्णता वाढते. फार तापला तर मशीन मध्येच बंद पडतं, नाही तर गणितं चुकवायला लागतं, आणि कधी कायमचं जातं.

मी म्हटलं, "कशाला नसत्या भानगडीत पडता? जळेल ते."

"जळते तं कायनं जळते, ते पाहू ना पहिले."

आणि त्यांनी खरोखरच आधी ते पाहिलं. आठ दिवस एकही आकडा वाढवला नाही. डबा उघडून धूळ काढली. प्रोसेसरवरचा उष्णता ओढणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा काढला, त्याखालची वाळून खडूसारखी झालेली पेस्ट पुसली आणि तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. खोलीच्या भिंतीवर गिरणीतल्यासारखीच दोन थर्मामीटर टांगली. स्वतः बनवलेला कूलर मशीनपासून दूर, दाराकडं सरकवला. "ओली हवा माणसाले बरी, बोर्डाले नाही," म्हणाले. पण सगळ्यात आधी त्यांनी परत यायची वाट शोधली. आकडा चुकला आणि मशीन उठलंच नाही तर बोर्डावरचा गोल सेल काढून थोड्या वेळानं परत बसवायचा, म्हणजे ते मूळ वेगावर येतं, असं त्या पानांत होतं. मुनीरभाईंनी मशीन चांगलं असतानाच तो सेल दोनदा काढून बसवून बघितला.

मग पायऱ्या सुरू झाल्या. एक पायरी म्हणजे आकडा थोडासा वाढवायचा. प्रोसेसरच्या व्होल्टेजला हात नाही लावायचा. मशीन सुरू करून प्रोसेसरला दमवणारा एक प्रोग्राम सलग दोन तास चालवायचा आणि दर दहा मिनिटांनी तापमान लिहायचं. एका दिवसात दोन पायऱ्या कधीच नाहीत. डायरीत पासष्ट अंशांच्या आकड्यावर त्यांनी लाल पेन्सिलनं रेघ ओढली होती, त्यापुढं जायचं नाही. आणि टेस्ट फक्त दुपारी दोन ते चार. मी विचारलं, सकाळी का नाही करत, तेव्हा म्हणाले, "सकाळी तं सगळंच चांगलं चालते."

अडचण विजेची होती. त्या काळात आमच्याकडं दिवसातून किती तास वीज जायची याचा हिशोब कुणी ठेवायचं सोडून दिलं होतं. टेस्ट दीड तासावर आली की लाइट जायची. तो दीड तास ते धरत नसत. परत आली की पुन्हा शून्यापासून. एक पायरी चढायला कधी कधी चार दिवस जात. एकदा पडदा काळाच राहिला, मशीन उठेचना. नाझनीन रडायला लागली. मुनीरभाईंनी वायर काढली, सेल काढला, बशीत चहा ओतून फुंकर मारत प्यायले, सेल बसवला. मशीन सुरू झालं. ते पुन्हा पहिल्या पायरीपासून लागले.

मार्चपर्यंत सहा पायऱ्या झाल्या. तापमान त्रेसष्टवर थांबलं आणि तेही थांबले. मशीन पूर्वीपेक्षा बरंच वेगानं चालत होतं. क्लासमध्ये येऊन त्यांनी मला ते सांगितलं, तेव्हा गिरणी बंद झाल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना आनंदात पाहिलं.

त्याच सुमारास नाझनीननं पुण्याच्या एका संस्थेचा फॉर्म आणला. हलत्या चित्रांचं शिक्षण देणारी संस्था. स्वतः केलेली किमान दोन मिनिटांची फिल्म पाठवायची, ती पसंत पडली तर शिकणं आणि राहणं दोन्ही मोफत. सीडी मेअखेर पोचली पाहिजे.

हिवाळ्यात मावशीच्या गावाकडं जाताना तिनं खरेदी केंद्रापुढची गाड्यांची रांग पाहिली होती. तीच तिनं घेतली. मी विचारलं, रांगच का? ती म्हणाली, "रांग हलतच नाही ना मॅडम, म्हणून काढायला सोपी." पण सोपी नव्हती. काढलेलं सगळं शेवटी मशीनला एकेक चित्र करून पक्कं करावं लागतं, आणि गाड्यांतला कापूस त्याला फार जड पडायचा. एकेका चित्राला वीस-वीस मिनिटं. दर्जा कमी केला तर कापूस मुरुमासारखा दिसायचा. माझ्या क्लासमधली मशीनं त्याहून जुनी, त्यांच्यावर ते सॉफ्टवेअर उघडतही नव्हतं. रात्री शेतांतले पंप सुरू-बंद व्हायचे आणि व्होल्टेज असं वरखाली व्हायचं की मशीन बंदच ठेवावं लागायचं. म्हणजे दिवसा वीज असेल तेवढेच तास हाती. तरी सहाव्या पायरीवर हिशोब जमत होता.

एप्रिलच्या मध्यावर दुपारचं तापमान रेघेच्या वर गेलं. मुनीरभाईंनी मशीन पाचव्या पायरीवर आणलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात फिल्म कुठवर आली ते बघायला मी त्यांच्या घरी गेले. बाप-लेक बोलत नव्हते. मी बसल्यावर नाझनीन म्हणाली, "मॅडम, पाचवर ठेवलं तर चार दिवस उशीर होते. सहावर ठेवलं तर बरोबर होते. अब्बा ऐकून नाही राह्यले."

"सहावर सदुसष्ट होऊन राह्यलं ताई दुपारी," मुनीरभाई म्हणाले. "मी रेघ पासष्टवर ओढली. रेघ आपुनच ओढाची अन् आपुनच पुसाची, तं ओढली कायले?"

"रेघ आपने खींची अब्बा. मशीनपे लिखके नहीं आई थी."

"मार्चात चाललं ना सहावर," मी हळूच म्हटलं.

"मार्च होता तो." त्यांनी भिंतीवरच्या थर्मामीटरकडं बोट केलं. "आता खोलीच बेचाळीस हाये. मशीन गेलं तं दुसरं कुठून आणू? झालेलंही जाईन. चार दिवसांचं मी लिहून देतो त्या पुण्यावाल्यायले. इथं लाइन राह्यत नाही हे सगळ्यायले माहीत हाये. ते बी माणसंच हायेत ना."

नाझनीन उठून आत गेली. मला दोघांचंही पटत होतं, आणि दोघांचंही पटणाऱ्या माणसाचा अशा वेळी कुणालाच उपयोग नसतो. मी चहा घेतला आणि निघाले.

पूर्ण मे महिना मुनीरभाई कूलरची कामं सोडून त्या खोलीत बसले. जुम्म्याची नमाज सोडली तर बाहेर पडत नसत. फिल्म चार जूनला पूर्ण झाली. पत्र मीच टाइप केलं. वीज किती वेळ जाते, मशीन जुनं कसं आहे, ते पळवताना कोणती काळजी घेतली, सगळं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, एवढं नको. ते म्हणाले, "राहू द्या. नुसतं उशीर झाला म्हटलं तं आळशी वाटते."

उत्तर दोन ओळींचं आलं. सीडी मुदतीनंतर मिळाल्यानं विचार करता येत नाही, पुढील वर्षी अर्ज करता येईल. भाषा सभ्य होती.

क्लासमधल्या मुलींसाठी मी नाझनीनला ती फिल्म दाखवायला सांगितलं. सकाळची वेळ, गाड्यांची रांग, रवंथ करणारे बैल, गाड्यांखाली झोपलेली माणसं. एक जण उठून पुढं बघतो आणि परत आडवा होतो. वाऱ्यानं कापसाचा एक पुंजका गाडीतून खाली पडतो. दोन मिनिटं संपतात. एका मुलीनं विचारलं, "पुढं काय होतं?" नाझनीन म्हणाली, "काही नाही. रांग आहे ती." मुनीरभाई मागं दाराशी उभे होते. जाताना एवढंच म्हणाले, "कापूस कापसासारखा दिसते."

पुढचं वर्ष आलं ते वेगळंच. त्याच पावसाळ्यात मुनीरभाईंची छाती भरली. गिरणीतली इतकी वर्षांची कापसाची धूळ होती ती, डॉक्टरांनी हवा बदला म्हणून सांगितलं. ते ऐकून मुनीरभाई थोडं हसले. आपल्यामागं पोरीचं काय, हे त्यांच्या मनात बसलं. हिवाळ्यात मारेगावहून स्थळ आलं. मुलाचं दुचाकीच्या स्पेअर पार्टचं दुकान, माणसं चांगली. नाझनीन नाही म्हणाली नाही. फॉर्मचं मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "अब्बांना श्वास घेता येत नाही मॅडम. मी पुण्याला जाऊन काय करू?"

निकाहचं आमंत्रण द्यायला ती क्लासवर आली. मुली गेल्या होत्या. पत्रिका देऊन ती समोर बसली आणि म्हणाली, "मॅडम, एक सांगू? अब्बांना नका सांगू."

गेल्या मेमधल्या एका शुक्रवारी मुनीरभाई नमाजला गेले, तेव्हा तिनं मशीन सहाव्या पायरीवर नेलं होतं. भर दुपारी. दीड तास काम चालवलं. तापमान सदुसष्टवर गेलं आणि तिथंच राहिलं. काही बंद पडलं नाही, काही चुकलं नाही. ते परत यायच्या आधी तिनं पुन्हा पाचवर आणून ठेवलं.

"अगं, मग सांगितलं का नाहीस? तसंच चालवायचं होतंस."

"मला वाटत होतं, अब्बाच म्हणतील सहावर ठेव," ती म्हणाली. "रोज वाटायचं, आज म्हणतील. ते एकदा म्हणाले असते ना मॅडम, मग मशीन जळलं असतं तरी चाललं असतं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

नाझनीन मारेगावला गेली. मशीन न्यायला तिकडं जागा नव्हती, ते इथंच राहिलं. मुनीरभाई दर रविवारी तासभर ते सुरू ठेवायचे, नुसतंच, त्यावर काही न करता. बंद पडून राहिलं तर खराब होईल म्हणायचे. मी क्लाससाठी नवी मशीनं घेतली तेव्हा त्यांना बोलावलं होतं. ते आले, एकेकाच्या मागं उभं राहून पंख्याचा आवाज ऐकला आणि चांगली आहेत म्हणाले. तापमानाचा आकडा मात्र विचारला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांना शेवटचं भेटले. त्यानंतरच्या पावसाळ्यात ते गेले. त्या शेवटच्या भेटीच्या दिवशी मी क्लासच्या कूलरसाठी नवी खस सांगायला गेले होते. ते घरापुढं कडुनिंबाच्या सावलीत बसून लाकडी चौकटीवर तारेची जाळी ठोकत होते. दोन खिळे मारले की थांबावं लागत होतं. खूप वाळले होते. मला बघून स्टूल पुढं केलं, मारेगावची खुशाली सांगितली. नाझनीनला दिवस गेले होते. चित्रं काढते का, मी विचारलं. "मेंदी काढते म्हणे लोकायच्या हातावर," ते म्हणाले. "चांगली काढते."

मग हातोडी खाली ठेवून त्यांनी श्वास जमवला.

"ताई, तुम्ही आता एवढ्या मशीनी पाह्यल्या. सहावर ठेवलं असतं तं टिकलं असतं का ते?"

मला उत्तर माहीत होतं. ते ऐकून त्यांना काय झालं असतं, तेही माहीत होतं.

"नसतं टिकलं मुनीरभाई," मी म्हटलं. "जळालं असतं."

"तुम्ही टेस्ट केलती?"

"नाही."

"मंग कसं सांगता?"

रागानं विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी खाली सांडलेले खिळे गोळा करून त्यांच्यापुढं ठेवले. ते वाकून दुसऱ्या चौकटीला जाळी लावायला लागले.